मुलगी वर्षभरासाठी जर्मनीला निघाली आहे, घरातून काय शिकवून पाठवू?

पंचगंगा

नमस्कार. मी इचलकरंजीची. माझ्या मुलीनं यंदा दहावीची परीक्षा दिली. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणाऱ्या एका संस्थेतून तिची जर्मनीसाठी निवड झाली आहे. ऑगस्टअखेर निघायचं आणि पुढच्या जुलैत परत यायचं. दहा महिने एका जर्मन कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. कुटुंब कोणतं ते गेल्या आठवड्यात कळलं. आई, वडील, दोन लहान मुलगे आणि एक कुत्रा. फोटो बघून मुलगी हरखून गेली आहे.

मिस्टर यंत्रमागाच्या धंद्यात आहेत, त्यांची पूर्ण तयारी आहे. सासूबाईंची नाही. "सोळा वर्षांची पोर परक्याच्या घरी दहा महिने?" एवढंच म्हणतात आणि देवघरात जाऊन बसतात. नणंदेचं म्हणणं, अकरावीचं वर्ष हातचं जाणार. मला मात्र मनापासून वाटतं की तिनं जावं. मला अशी संधी कुणी दिली असती तर मी गेले असते.

कपडे, विमा, व्हिसा यांच्या याद्या संस्थेनं दिल्या आहेत, त्यामुळे ती चौकशी करत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पोरगी अभ्यासात चांगली आहे, जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षाही पास झाली. पण स्वभावानं फार बुजरी. माझ्या सख्ख्या बहिणीकडे गेली तरी पाण्याचा पेलासुद्धा मागून घेत नाही, कुणी देईपर्यंत तशीच बसते. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. अशा मुलीला निघायच्या आधीच्या दोन महिन्यांत घरातून काय शिकवावं? आणि फोन किती करावा? कुणी स्वतः राहून आलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मिरजेची

ताई, मी २००९च्या सप्टेंबरात गेले आणि २०१०च्या जुलैत परत आले. तेव्हा मीही सोळाचीच. गाव डुडरश्टाटजवळ, म्हणजे जर्मनीच्या साधारण मध्यावर. जवळचं मोठं शहर ग्योटिंगेन. तुमचं ते पाण्याच्या पेल्याचं वाक्य मी तीनदा वाचलं, कारण ती मुलगी मीच होते. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याबद्दलच लिहिते.

पहिल्या संध्याकाळी साडेसहाला टेबल मांडलं. तिकडे गरम जेवण बहुतेक दुपारी असतं आणि संध्याकाळी आबेंडब्रोट, म्हणजे पाव, चीज, काकडीच्या चकत्या, लोणच्यातल्या काकड्या, सॉसेज. ताटाऐवजी प्रत्येकापुढे एक लहान लाकडी फळी. मी एक पाव खाल्ला. प्रवासानं पोटात कावळे ओरडत होते. होस्ट आईनं विचारलं, "अजून काही?" मी हसून म्हटलं, "डांके." माझ्या डोक्यात डांके म्हणजे थँक्यू. तिनं मान हलवली आणि पावाची टोपली दुसरीकडे सरकवली. मला वाटलं, परत विचारेल. आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा तर सरळ वाढतातच. तिकडे दुसऱ्यांदा विचारलं गेलं नाही.

कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं 'डांके' म्हणालात, तर जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'नको' असा होतो, हे मला तीन आठवड्यांनी शाळेतल्या एका मुलीनं सांगितलं. हवं असेल तर 'या, बिट्टे' किंवा 'गेर्न' म्हणायचं. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी हसत हसत जेवण नाकारत होते आणि रात्री आईनं दिलेला चिवडा पांघरुणात खात होते. त्यांचा काही दोष नव्हता. 'नको' म्हणणाऱ्याला परत विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, अशी त्यांची रीत. आपण आग्रहात वाढलेले. आग्रह नसेल तर आपण नकोसे आहोत असंच आतून वाटतं, आणि सोळाव्या वर्षी ते फार खोल लागतं.

दुसरी अडचण हाक मारण्याची. होस्ट बाबा पन्नाशीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला नावानं हाक मार आणि 'डू' म्हण. डू म्हणजे आपलं 'तू', झी म्हणजे 'तुम्ही'. आमच्या घरी वडिलांना 'अहो बाबा' म्हणतात. माझ्यानं त्यांचं नाव घेववेना. मग मी काय केलं, तर हाकच मारायची नाही. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभी राहायची. ते वर बघायचे, मग मी बोलायची. दीड महिना असं चाललं. पुढे कळलं की त्यांना वाटत होतं, ही आपल्याला घाबरते.

तिसरी गोष्ट दाराची. त्यांच्याकडे खोलीचं दार बंद असेल तर आत कुणी डोकावत नाही. आपल्याकडे पोरगी दार लावून बसली की आई दोन मिनिटांत दारात हजर. मी दार लावून रडायची आणि वाट बघायची की कुणीतरी येईल. ते येत नव्हते, कारण मला एकटीला राहायचंय असा त्यांचा समज.

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे घेतात. नोव्हेंबरात साडेचार-पाचलाच अंधार. त्या महिन्यात मी सगळ्यात खचले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होतं. आईनं पाठवलेलं फराळाचं पार्सल ग्योटिंगेनच्या कस्टमच्या कचेरीत अडकलं होतं, ते दिवाळीनंतर बारा दिवसांनी हातात आलं. दिवाळीच्या दिवशी मी मैदा, साखर आणि लोण्याचे शंकरपाळे केले. धाकट्या मुलांनी कटर घेऊन त्यांचे तारे आणि बदकं पाडली. त्या घरातली माझी तेवढी एकच संध्याकाळ चांगली आठवते.

शाळेतही हेच. गिम्नाझियुममध्ये, म्हणजे विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या तिथल्या शाळेत, वर्गात तोंडी किती भाग घेता याला गुण असतात, बऱ्याच विषयांत जवळजवळ लेखी परीक्षेइतके. आपल्याकडे गप्प बसणारी मुलगी शहाणी. तिकडे गप्प बसणाऱ्या मुलीची तयारी नाही असं धरतात. त्यांच्याकडे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. मला गणितात लेखीला १ आणि तोंडीला ५ मिळाला. मिरजेत मी पहिल्या तिनात असायची. मी कुणीतरी हुशार आहे, हे त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. घरच्या आठवणीइतकंच मला हे जड गेलं. याबद्दल मुलीशी आधीच बोला. सहा महिने तिला तिच्यापेक्षा कमी हुशार समजतील आणि त्यात तिचा दोष नसेल.

९ नोव्हेंबर २००९ला बर्लिनची भिंत पडून वीस वर्षं झाली. आमच्या भागात ती बातमी नव्हती, घरातली गोष्ट होती, कारण दोन जर्मनींमधली सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर होती. जुन्या नाक्याच्या जागी टाइस्टुंगेनला आता संग्रहालय आहे, तिथे शाळेनं नेलं. परत आल्यावर इतिहासाच्या शिक्षकांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? मी पहिल्यांदा बोट वर केलं (तिकडे हात नाही, तर्जनी वर करतात). मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, तुमचं कुणी पलीकडे होतं का? ते म्हणाले, मावशी होती. तिच्या गावच्या चर्चचा मनोरा आमच्या माडीवरून दिसायचा. आम्हाला परवाना काढून जाता यायचं, तिला मात्र पेन्शनीत निघेपर्यंत इकडे येता आलं नाही. मग ते खूप वेळ बोलत राहिले आणि वर्ग ऐकत राहिला. तास संपल्यावर दोन मुली माझ्याशी येऊन बोलल्या. त्यातल्या एकीच्या लग्नाला मी २०१९ साली जाऊन आले.

तरी त्या घरात माझं जमलं नाही. संस्थेची स्थानिक स्वयंसेविका दर महिन्याला विचारायची, सगळं ठीक? मी म्हणायची, ठीक. डिसेंबरात एकदा तिच्या गाडीत बसल्या बसल्या हुंदकाच फुटला. मग त्या घरच्यांशी बोलणं झालं आणि नाताळाच्या सुट्टीनंतर मी दुसऱ्या कुटुंबात गेले. निघताना पहिली होस्ट आई रडत होती. म्हणाली, "तू कधी काही मागितलंच नाहीस." ही बाई पैसे न घेता मला घरात ठेवत होती, माझ्यासाठी दर शनिवारी वेगळं शाकाहारी सूप करत होती. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपण कमी पडलो. हे मला आजही लागतं.

दुसऱ्या घरी पहिल्याच दिवशी मी पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. मला भूक लागली आहे. मला अजून हवं. मला समजलं नाही, परत सांगा. आज मला वाईट वाटतंय, माझ्याजवळ बसाल का? शेवटचं वाक्य म्हणायला सगळ्यात कठीण होतं. होस्ट आई ताबडतोब येऊन बसली.

तर ताई, दोन महिन्यांत घरातून हेच शिकवा. मुलीला घरात आग्रह करणं थांबवा. पोळी हवी असेल तर तिनं मागायची. नको म्हणाली की पातेलं उचला. कठीण आहे, आईचा हात आपोआप पुढे होतो. पण तिला सवय तुमच्या घरात होऊ दे, तिथे नको.

वर्ष वाया जाण्याबद्दल: मी परत येऊन अकरावीला बसले, वर्षानं लहान मुलांबरोबर. आज मी दंतवैद्य आहे, जर्मनचा व्यवसायात काही उपयोग झालेला नाही. ते एक वर्ष पुढे कुठेही अडलं नाही.

नाशिकरोडचा बाबा

मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. आमचा मुलगा रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून गेला, तेव्हा आम्हीही एका ब्राझिलियन मुलाला चार महिने घरी ठेवला होता. रोटरीत वर्षभरात दोन-तीन कुटुंबं बदलणं हे ठरलेलंच असतं, त्यामुळे घर बदललं तर मुलगी हरली असं कृपा करून कुणी समजू नका.

आमच्याकडे हा मुलगा दिवसातून तीनदा आंघोळ करायचा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं. नळाला पाणी तासभर येतं, वरची टाकी हजार लिटरची. माझी आई पहाटे उठून बादल्या भरून ठेवायची. महिनाभर त्याला कुणी काही बोललं नाही, कारण पाहुण्याला कसं बोलायचं? घरात धुसफूस मात्र सुरू झाली. शेवटी बायकोनं त्याला गच्चीवर नेऊन टाकी उघडून दाखवली. तो बिचारा कानकोंडा झाला. म्हणाला, पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? दुसऱ्या दिवसापासून सकाळी बादलीत पाणी घेऊन आंघोळ करायचा आणि माझ्या आईच्या बादल्या स्वतः उचलायचा.

गप्प बसण्यानं पाहुणा आणि यजमान दोघंही कुढतात. मिरजेच्या ताई म्हणतात ते यजमानालाही तितकंच लागू आहे. पण तिकडचे लोक काय करतील ते आपल्या हातात नाही, म्हणून पोरीनं स्वतः विचारावं: या घरात आंघोळ केव्हा करायची, वॉशिंग मशीन कुणी लावायचं, फ्रीजमधलं काय न विचारता घेतलं तर चालतं? पहिल्या रविवारी वही घेऊन बसावं आणि हे सगळं लिहून घ्यावं. आमच्या मुलानं तसं केलं होतं, त्याला उपयोग झाला.

मांजराकाठ

मी लातूरचा. केनेडी-लुगर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत एक शैक्षणिक वर्ष राहून आलो. ज्यांना खर्चाची अडचण आहे त्यांच्यासाठी सांगतो, हा कार्यक्रम अमेरिकन सरकारनं २००२ साली सुरू केला आणि माझा सगळा खर्च त्यांनीच केला. घरून फक्त थोडा वरखर्च लागला.

मी आयोवातल्या मक्याच्या शेतांमधल्या गावात होतो. इंग्रजी येत असूनसुद्धा पहिले दोन महिने मी नुसता 'येस' म्हणत होतो, समजलं असो वा नसो. त्यापायी एकदा न समजता चर्चच्या पॅनकेक न्याहारीला स्वयंसेवक म्हणून होकार दिला आणि पहाटे पाचला उठून शंभर माणसांना वाढलं. मला ते आवडलं ही गोष्ट वेगळी, पण 'येस'च्या सवयीनं गणिताचा चुकीचा वर्गही गळ्यात पडला आणि तो बदलायला अर्धं सत्र गेलं. समजलं नाही हे त्याच क्षणी सांगावं, दुसऱ्या दिवशी सांगणं दहापट अवघड होतं.

फोनबद्दल: आमच्या संस्थेनं सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा. माझ्या आईनं ते पाळलं. माझ्याबरोबर गेलेल्या एका मुलाची आई रोज व्हिडिओ कॉल करायची. तो रोज रात्री खोलीत लातुरी मराठीत गप्पा मारायचा आणि त्याचं होस्ट कुटुंब खाली टीव्हीपुढे त्याची वाट बघायचं. तो मार्चपर्यंत मनानं घरीच होता.

पंचगंगा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजेच्या ताई, वयानं लहान असाल म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

तुझं उत्तर मी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'डांके' वाचताना ती गप्प झाली. तिला क्लासमध्ये डांकेचा अर्थ फक्त आभार असाच शिकवला होता. बुधवारपासून घरात आग्रह बंद केला. पहिल्या रात्री ती दीड भाकरीवर उठली. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. "पोर जायच्या आधीच उपाशी ठेवतेस" म्हणाल्या. शुक्रवारी आमटी संपत आली तेव्हा हळूच म्हणाली, "मला अजून हवी आहे." सासूबाईंनी स्वतःच्या वाटीतली दिली.

आता एवढंच विचारते. सासूबाईंचं कसं करू? आणि बरोबर खायला काय देऊ? त्यांनी आत्ताच तूप कढवायला घेतलं आहे.

मिरजेची

ताई, तूच म्हणा, बरं वाटलं.

तूप नको. युरोपच्या बाहेरून येताना सामानात दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा सगळं त्यात येतं. विमानतळावर काढून घेतलं तर पोरीचं मन मोडेल आणि आज्जींची मेहनत वाया जाईल. त्यांना मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला करायला सांगा, घट्ट पाकिटं बंद करून द्या. मेतकूट दह्यात कालवून पावाला लावलं तर आबेंडब्रोटला उत्तम लागतं. माझ्या दुसऱ्या घरी सगळे खायचे, होस्ट बाबा अजून मागवतात.

माझी आज्जीही अशीच देवघरात बसायची. तिच्याशी आम्ही एक ठरवलं होतं, दर गुरुवारी मी तिला पत्र लिहायचं. फोन नाही, कागदावर, मराठीत. पत्र पोचायला दोन-अडीच आठवडे लागायचे. ती ते मोठ्यानं वाचायला लावायची आणि उशीखाली ठेवायची. ती गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत सदतीस पत्रं निघाली. तुमच्या सासूबाईंना विचारून बघा, आवडेल का.

फोनचं मांजराकाठ यांनी सांगितलंय ते बरोबर आहे. रविवारी दुपारी करा, तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, घर शांत असतं. ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेतीन तासांचा फरक, नंतर मार्चअखेरपर्यंत साडेचार. आणि फोनवर 'जेवलीस का?' पहिल्यांदा विचारू नका. त्याला 'हो' एवढंच उत्तर येतं. 'आज काय मागून घेतलंस?' असं विचारा.

तिला खरंच घर बदलायचं असेल तर ते तिनं आधी तिथल्या स्वयंसेविकेला सांगावं, मग तुम्हाला. उलट झालं की इकडून फोन जातात, सगळे घाबरतात आणि त्या कुटुंबाला दुसऱ्याच कुणाकडून कळतं. माझ्या आईनं हे मला निघतानाच सांगून ठेवलं होतं. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आणि कुत्रा आहे म्हणालात. त्याचं नाव आत्ताच ईमेलनं विचारून घ्या, तिकडे कुत्र्याला रोज दोन-तीनदा फिरवावं लागतं. पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतःहून विचारावं, याला आज मी नेऊ का?